‘हू’ की ‘हूम’, ‘आय’ की ‘मी’: मराठी विभक्तीचा आधार कुठवर घ्यावा?

कच्चा_खर्डा यांचा प्रश्न:

सर्वांस नमस्कार.

माझ्या कामात इंग्रजी पत्रांचे मसुदे तयार करावे लागतात. शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे वाक्य मनात आधी मराठीत जुळते आणि मग त्याचे इंग्रजी होते. ही सवय आता सुटण्यासारखी नाही आणि आजवर तिचा फारसा त्रासही झाला नव्हता. मात्र गेल्या आठवड्यात वरिष्ठांकडे गेलेला एक मसुदा परत आला, तेव्हा त्यात तीन ठिकाणी लाल रेघा होत्या आणि तिन्ही सर्वनामांवर होत्या. समासात स्पष्टीकरणाचा एक शब्दही नव्हता, आणि विचारायला जाण्याइतकी आमच्यात मोकळीक नाही.

पहिले वाक्य असे होते: ‘धिस मॅटर शुड रिमेन बिटवीन यू अँड आय.’ येथे ‘आय’ खोडून ‘मी’ केले आहे. (इंग्रजी ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’ आणि मराठी मी म्हणजे त्यांचा ‘आय’, हा घोळ देवनागरीत अटळ असल्यामुळे इंग्रजी शब्द मी सर्वत्र अवतरणचिन्हांत लिहीत आहे.) शाळेत ‘मी अँड माय ब्रदर’ असे म्हटल्याबद्दल बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून ‘अँड’च्या पुढे ‘आय’ हेच सभ्य, अशी माझी पक्की समजूत आहे. दुसरे वाक्य: ‘काइंडली रिप्लाय टू द सेक्रेटरी ऑर मायसेल्फ.’ येथेही ‘मायसेल्फ’च्या जागी ‘मी’ आले. तिसऱ्याने मला खरे गोंधळात टाकले: ‘द ऑफिसर हूम वी बिलीव्ह इज रिस्पॉन्सिबल.’ ज्याला आम्ही जबाबदार मानतो, असा अर्थ मनात असल्यामुळे मी ‘हूम’ लिहिले, तर वरिष्ठांनी शेवटचा ‘म’ तेवढा खोडला.

तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत का? असल्यास, मराठीतून विचार करणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी ताडून पाहता येईल अशी काही खूण आहे का? केवळ पाठांतराचे नियम नकोत. ते यापूर्वी करून झाले आहेत.

अर्धविराम यांचे उत्तर:

तिन्ही दुरुस्त्या बरोबर आहेत. मी भाषांतराचे काम करते आणि पहिली चूक माझ्या हातूनही अनेक वर्षे होत होती, म्हणून तिच्यापुरते लिहिते.

सर्वांना ठाऊक असलेली खूण अशी, की जोडीतला दुसरा माणूस बाजूला काढावा आणि उरलेले वाक्य कानाला कसे लागते ते पाहावे. ‘द डायरेक्टर कॉल्ड सुनील अँड आय’ हे वाक्य भारदस्त वाटते, पण सुनीलला वगळले की ‘द डायरेक्टर कॉल्ड आय’ असे उरते, आणि असे कोणीच म्हणणार नाही. म्हणून तेथे ‘सुनील अँड मी’ हवे. उलट ‘सुनील अँड मी वेंट’ यातून सुनील गेला तर ‘मी वेंट’ उरते, म्हणून तेथे ‘आय’ हवे. शाळेत तुम्हाला मिळालेली बोलणी या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यासाठी होती. तुम्ही मात्र तो सर्व जोड्यांचा कायदा समजून बसलात. ही चूक एकट्या मराठी माणसाची नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही याच कारणाने ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणतात, आणि शेक्सपिअरच्या एका नाटकातल्या पत्रातही ते जसेच्या तसे सापडते.

आपल्याकडे मात्र या चुकीला आणखी एक खतपाणी मिळते आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. मराठीत आपण ‘सुनील आणि मी यांना बोलावले’ किंवा ‘तुम्ही आणि मी यांच्यात ठरले’ असे लिहितो. येथे दोन्ही नावे प्रथमेत मोकळी राहतात आणि विभक्तीचे सगळे ओझे मागून येणारा ‘यांना’ किंवा ‘यांच्यात’ उचलतो. इंग्रजीत असा ओझे वाहणारा शब्दच नाही. तेथे जोडीतल्या प्रत्येकाने आपापली विभक्ती स्वतःच धारण करायची असते. आपण ‘यांच्यात’ गाळतो आणि मोकळा ‘मी’ तसाच उचलून ‘आय’ म्हणून ठेवतो.

कच्चा_खर्डा:

‘यांना’चा मुद्दा माझ्या कधीच ध्यानात आला नव्हता, आभारी आहे. परंतु दुसऱ्याला वगळण्याची खूण माझ्याच वाक्याला लागू होत नाही. ‘बिटवीन मी’ हेही निरर्थक आणि ‘बिटवीन आय’ हेही निरर्थक, कारण ‘बिटवीन’ला दोघे लागतातच.

अर्धविराम:

खरे आहे. तेथे वगळू नका, संपूर्ण जोडीच्या जागी एकच शब्द बसवा. ‘यू अँड आय’च्या जागी ‘वी’ येते आणि ‘यू अँड मी’च्या जागी ‘अस’. ‘बिटवीन वी’ असे जिभेवर येतच नाही, ‘बिटवीन अस’ सहज येते, म्हणून ‘मी’. त्रयस्थांच्या जोडीसाठी हेच ‘दे’ आणि ‘देम’ लावून पाहता येते.

सामान्यरूप यांचे उत्तर:

तिसऱ्या वाक्याबद्दल सांगतो. मी शिकवणीत मुलांना अगदी साधा नियम देतो: मराठीत ‘कोण’ किंवा ‘जो’ असेल तेथे ‘हू’, आणि ‘कोणाला’ किंवा ‘ज्याला’ असेल तेथे ‘हूम’. प्रथमा आणि द्वितीया यांतला भेद आपल्या अंगवळणी पडलेला असल्यामुळे मुलांना तो लगेच कळतो. तुमच्या वाक्याचे मराठी मात्र चुकले आहे. ते ‘ज्याला आम्ही जबाबदार मानतो’ असे नसून ‘जो जबाबदार आहे असे आम्ही मानतो’ असे आहे, म्हणून ‘हू’.

जुनी_शाई यांचे उत्तर:

सामान्यरूप यांनी तिसऱ्या वाक्याचे केलेले मराठी अचूक आहे आणि त्याकडे मी परत येईन. परंतु त्यांचा नियम आहे तसा मुलांच्या हाती देणे मला धोक्याचे वाटते. मुद्रितशोधनात आयुष्य गेले आहे, आणि मराठी माणसांच्या इंग्रजीत नको तेथे आलेले ‘हूम’ मी हवे तेथे न आलेल्या ‘हूम’पेक्षा कितीतरी जास्त वेळा खोडले आहे.

आपण दिवसातून दहा वेळा ‘कोणाला माहीत!’ असे म्हणतो. नियमाप्रमाणे त्याचे इंग्रजी ‘हूम नोज’ व्हायला हवे. प्रत्यक्षात ते ‘हू नोज’ आहे. ‘कोणाला गणित आवडते?’ याचे ‘हू लाइक्स मॅथ्स’, ‘कोणाला पोहता येते?’ याचे ‘हू कॅन स्विम’, ‘कोणाला ताप आला आहे?’ याचे ‘हू हॅज अ फीव्हर’, ‘कोणाला जावे लागले?’ याचे ‘हू हॅड टू गो’. पाचही ठिकाणी मराठीत ‘ला’ आहे आणि पाचही ठिकाणी इंग्रजीत कर्ता आहे. आपल्या भाषेत आवडणे, येणे, कळणे, सुचणे, आठवणे, लागणे या क्रियांचा अनुभव ज्याच्या वाट्याला येतो त्याला आपण चतुर्थीत ठेवतो. जणू ती गोष्ट त्याच्याकडे चालत येते, तो ती करत नाही. इंग्रजी मात्र त्याच माणसाला वाक्याच्या तोंडाशी आणून कर्त्याचे आसन देते. त्यामुळे ‘ला’ दिसला की ‘हूम’ लिहिणारा विद्यार्थी याच क्रियापदांपाशी हमखास पडतो, आणि रोजच्या बोलण्यात तर हीच क्रियापदे सर्वाधिक असतात.

उलट बाजूही पाहावी. ‘तुम्ही कोणाची वाट पाहत आहात?’ यात मराठीत षष्ठी आहे, तरी नेटक्या लेखी इंग्रजीत ‘हूम आर यू वेटिंग फॉर’ असे होते. ‘कोणाशी बोललात’, ‘कोणावर विश्वास ठेवलात’, ‘कोणाकडून शिकलात’ या सर्वांना तिकडे एकच ‘हूम’ पुरतो, कारण इंग्रजी सर्वनामाला कर्त्याचे, कर्माचे आणि मालकीचे अशी तीनच रूपे उरली आहेत आणि आपल्या उरलेल्या साऱ्या विभक्त्या त्यांना मधल्या खणात कोंबाव्या लागतात. भूतकाळात तर कर्ताही प्रथमेत राहत नाही: ‘हे पत्र कोणी लिहिले?’ आणि ‘ज्याने लिहिले तो’ येथे तृतीया आहे, तरी इंग्रजीत मुकाट्याने ‘हू’.

म्हणून मराठीची विभक्ती नुसती पाहू नये. प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत देऊन पाहावे. उत्तरात ‘ही’ आले तर प्रश्नात ‘हू’, उत्तरात ‘हिम’ आले तर प्रश्नात ‘हूम’. ‘ही लाइक्स मॅथ्स’ असे उत्तर येते, ‘हिम लाइक्स’ असे येत नाही, म्हणून ‘हू’. ‘वी आर वेटिंग फॉर हिम’ असे येते, म्हणून ‘हूम’. ‘हिम’, ‘देम’ आणि ‘हूम’ या तिघांच्या शेवटी ‘म’ आहे तो योगायोग नाही. जुन्या चतुर्थीच्या प्रत्ययाचा तो अवशेष आहे. त्यामुळे शेवटच्या ‘म’ला ‘म’ जुळवायचा, एवढे ध्यानात ठेवले तरी भागते.

आता तिसरे वाक्य. ‘वी बिलीव्ह’ हे दोन शब्द मध्ये घुसलेले आहेत; त्यांवर बोट ठेवून झाका. खाली ‘द ऑफिसर … इज रिस्पॉन्सिबल’ एवढे उरते. ‘इज’ला कर्ता हवा आहे आणि तो या सर्वनामाशिवाय दुसरा कोणी नाही, म्हणून ‘हू’. आपण जर ‘द ऑफिसर हूम वी बिलीव्ह टू बी रिस्पॉन्सिबल’ असे लिहिले असते तर मात्र ‘हूम’च योग्य ठरले असते, कारण ‘इज’ गेल्यामुळे कर्त्याची जागाच उरली नसती आणि तो माणूस ‘बिलीव्ह’च्या ताब्यात गेला असता: ‘वी बिलीव्ह हिम टू बी’. ‘जो जबाबदार आहे असे आम्ही मानतो’ आणि ‘ज्याला आम्ही जबाबदार मानतो’ या दोन मराठी वाक्यांत जो फरक आहे तोच हा फरक आहे. आपल्या मनात दुसरे वाक्य होते आणि कागदावर पहिले उतरले, एवढीच आपली चूक.

सामान्यरूप:

‘कोणाला माहीत’पुढे मी निरुत्तर आहे. उद्यापासून उत्तर देऊन पाहण्याची रीत सांगेन, मात्र ‘जो’ आणि ‘ज्याला’ यांचा आधार पूर्णपणे सोडणार नाही, कारण ‘जो-तो’च्या उपवाक्यांत तो बहुतेक वेळा तारतो.

जुनी_शाई:

सोडूही नका. एका ठिकाणी तर मराठी आपल्याला जे दाखवते ते इंग्रजी भाषकालाही सहज दिसत नाही. ‘गिव्ह इट टु हूएव्हर कम्स फर्स्ट’ की ‘हूमएव्हर कम्स फर्स्ट’, यावर तिकडची शिकलेली माणसेही अडखळतात, कारण ‘टु’च्या पुढे ‘म’ हवा असे त्यांना वाटते. आपण मराठीत ‘जो आधी येईल त्याला द्या’ असे म्हणतो. येथे ‘जो’ येण्याचा कर्ता आहे आणि ‘त्याला’ हे देण्याचे कर्म आहे. दोन कामांना दोन माणसे नेमलेली आहेत. इंग्रजीने ‘त्याला’ गिळून टाकला आणि एकाच शब्दावर दोन्ही कामे सोपवली. प्रश्न एवढाच, की त्या एकट्याने रूप कोणाचे घ्यायचे. उत्तर नेहमी ‘जो’चे, म्हणजे उपवाक्याच्या आतल्या कामाचे. म्हणून ‘हूएव्हर कम्स’. आणि ‘ज्याला तुम्ही निवडाल त्याला द्या’ असे असेल तर ‘हूमएव्हर यू चूज’.

कच्चा_खर्डा:

हे वाचून मी मसुदा पुन्हा काढला आणि बोटाने शब्द झाकून पाहिले. आता ‘मायसेल्फ’चे कोडे तेवढे राहिले. ‘मी’ हा शब्द पत्रात उद्धट वाटतो आणि ‘मायसेल्फ’ नम्र वाटतो, म्हणून मी तो वापरत आलो.

अर्धविराम:

नम्रतेसाठी ‘मायसेल्फ’ घेणारे आपण एकटे नाही. व्यावसायिक पत्रांत तो इंग्रजांच्या घरीही सर्रास आढळतो आणि तिकडचे चोखंदळ संपादकही तो खोडतात. हा शब्द आपल्या ‘स्वतः’चा भाऊबंद आहे आणि त्याला दोनच कामे येतात. एक, कर्त्याची क्रिया कर्त्यावरच उलटणे: ‘आय हर्ट मायसेल्फ’, मी स्वतःला इजा करून घेतली. दुसरे, ठसा देणे: ‘आय मायसेल्फ सॉ इट’, मी स्वतः पाहिले. दोन्ही ठिकाणी त्याच वाक्यात ‘आय’ आधी हजर आहे.

आता आपले वाक्य मराठीत ‘स्वतः’ घालून वाचा: ‘कृपया सचिवांना किंवा स्वतःला उत्तर पाठवावे.’ वाचणारा चक्रावेल, कारण आज्ञार्थात कर्ता तो आहे, आणि आपण त्याला स्वतःलाच पत्र लिहायला सांगत आहोत. इंग्रजी वाचकाला ‘मायसेल्फ’ तितका हास्यास्पद वाटत नाही, पण ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो ‘आय’ वाक्यात नसल्यामुळे खटकतो. स्वतःची ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ म्हणण्याची जी रीत पडली आहे ती याच कारणाने चुकीची आहे. तेथे ‘आय अ‍ॅम’ पुरेसे आहे. ‘मी’ उद्धट वाटतो ही समजूत मात्र सोडून द्यावी. बहुधा आपल्या कानाला त्यात मराठी ‘मी’ ऐकू येतो आणि आपल्याला अहंकाराची शंका येते.

वाटसरू यांचे उत्तर:

चर्चा रंजक आहे, तरीही एक विरोधी सूर लावतो. बोलण्यातून ‘हूम’ जवळजवळ गेला आहे. ‘हू आर यू वेटिंग फॉर’ हे आज कोणालाही खटकत नाही. दारावर टकटक करून ‘इट इज आय’ म्हणणारा माणूस व्याकरणशुद्ध असला तरी विचित्र वाटतो. ‘इट्स मी’ हेच रूढ आहे. ज्या ‘यू’वर आपण सर्व विसंबून आहोत तो मुळात कर्त्याचा शब्दच नव्हता. जुन्या काळी ‘यी’ म्हणजे तुम्ही आणि ‘यू’ म्हणजे तुम्हाला असा भेद होता. पुढे ‘तुम्हाला’ने ‘तुम्ही’ची गादी बळकावली, आदरार्थी वापर वाढत गेल्यावर ‘तू’च्या अर्थाचा ‘दाऊ’ही मागे पडला, आणि आज चारही कामे एकटा ‘यू’ करतो. एवढी मोठी उलथापालथ पचवलेल्या भाषेत एका ‘म’साठी लाल शाई किती वापरायची?

जुनी_शाई:

वाटसरू यांनी दिलेला इतिहास खरा आहे आणि ‘इट्स मी’ला माझी हरकत नाही. ‘हूम’चेही मी असेच म्हणेन, की बोलताना तो सोडला तर काही बिघडत नाही. फक्त शब्दयोगी अव्ययासारखा छोटा शब्द थेट आधी उभा असेल, म्हणजे ‘टु हूम’, ‘विथ हूम’, ‘फ्रॉम हूम’, तेव्हा तो अजूनही भक्कम आहे, आणि प्रश्नकर्त्यांचे काम पत्रांचे आहे. शंका असताना ‘हू’ लिहिणारा फार तर सैल ठरतो. शंका असताना ‘हूम’ लिहिणारा मात्र शुद्धतेचा आव आणून चुकलेला दिसतो. माझी लाल शाई या दुसऱ्यासाठी आहे.

भेद टिकवल्याने कधी कधी अर्थही टिकतो. ‘तिला तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो’ हे मराठी वाक्य घ्या. मला तो जितका आवडतो त्याहून तिला जास्त आवडतो, की तिला मी जितका आवडतो त्याहून तो जास्त आवडतो? मराठीत दोन्ही अर्थ निघतात आणि संसार मोडू शकतो. इंग्रजीत ‘दॅन आय डू’ म्हटले की पहिला अर्थ आणि ‘दॅन शी लाइक्स मी’ म्हटले की दुसरा. नुसते ‘दॅन मी’ लिहिले तर तेही आपल्याइतकेच संदिग्ध आहे, म्हणून क्रियापदासह पूर्ण लिहावे.

पानाआड यांचे उत्तर:

आणखी एक नेहमीचा सापळा येथे नोंदवून ठेवते, कारण तो कानाने ओळखता येत नाही. ‘इट्स’ दोन आहेत. देवनागरीत ते वेगळे दाखवण्यासाठी वरचा स्वल्पविराम असलेला मी ‘इट’स’ असा लिहिते. ‘इट’स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ यांचा संक्षेप, आणि चिन्ह नसलेला ‘इट्स’ म्हणजे ‘त्याचा’. नामाला मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतो, म्हणून लोक सर्वनामालाही तो लावतात. पण ‘हिज’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘यॉर्स’, ‘देअर्स’, ‘हूज’ यांपैकी एकालाही तो नसतो. वाचताना ‘इट इज’ असे उलगडून पाहावे आणि अर्थ फिसकटला तर चिन्ह काढून टाकावे. ‘हूज’ आणि ‘हू’ज’ यांनाही हेच लागू आहे.

या गोंधळाला इतिहासही कारणीभूत आहे. मालकीचा ‘इट्स’ हा इंग्रजीतला उशिरा आलेला पाहुणा आहे. पूर्वी निर्जीव वस्तूलाही ‘हिज’च लावत, आणि 1611 च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्येही मालकी दाखवायला ‘इट्स’चा आधार घेतलेला नाही. पुढे ‘इट्स’ रुळला तेव्हा बराच काळ लोक तो चिन्हासह लिहीत असत. म्हणजे आज जी चूक मानली जाते ती एके काळची रीत होती.

वस्तूंवरून आठवले: आपल्याकडे पंखा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. मराठीतून येणारा माणूस यंत्राच्या अहवालात हळूच ‘ही’ किंवा ‘शी’ लिहून जातो. इंग्रजीत लिंग शब्दाला नसून जिवाला असते, त्यामुळे वस्तू कितीही लाडकी असली तरी अहवालात ‘इट’.

कच्चा_खर्डा:

पानाआड यांनी लिंगाचा विषय काढलाच आहे, तर एक उपप्रश्न विचारतो. एका सूचनेत ‘एव्हरी एम्प्लॉयी मस्ट कॅरी देअर कार्ड’ असे वाक्य आले होते. ‘एव्हरी’ एकवचनी, मग ‘देअर’ कसे? येथे ‘हिज’ नको का?

अर्धविराम:

‘हिज’ चालत असे. ब्रिटिश संसदेने 1850 मध्ये कायद्यांच्या भाषेसाठी असा नियमच केला होता, की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही अंतर्भूत धराव्यात. परंतु व्यक्ती कोण हे ठाऊक नसताना ‘दे’ आणि ‘देअर’ वापरण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी, चौदाव्या शतकापासूनची आहे, आणि आता ती प्रतिष्ठितही झाली आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपद्धतीच्या 2019 मधील सातव्या आवृत्तीने ती शोधनिबंधांसाठीही स्वीकारली. ‘हिज ऑर हर’ चूक नाही, पण एका परिच्छेदात तीनदा आले की वाचकाला ठेच लागते.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. दार वाजले की आपण ‘कोणीतरी आले आहे’ असे म्हणतो, ‘आला आहे’ किंवा ‘आली आहे’ असे नाही. बाहेर कोण आहे हे कळेपर्यंत आपण त्याला नपुंसकलिंगात ठेवतो आणि त्यात कोणाचा अवमान होत नाही. इंग्रजीतला नपुंसकलिंगी ‘इट’ माणसाला लावला तर मात्र अवमान होतो, म्हणून त्यांनी अनेकवचनाचा आडोसा घेतला.

येथेच उलट दिशेची एक चूकही टाळावी. ‘अध्यक्ष आजारी आहेत, ते बैठकीला येणार नाहीत’ यातले ‘ते’ आदराचे आहे. त्याचे ‘दे विल नॉट अटेंड’ असे केले तर वाचक इतर कोण कोण गैरहजर आहे ते शोधू लागेल. एका बैठकीच्या इतिवृत्तात मी असे वाक्य प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि पुढच्या बैठकीचा अर्धा वेळ ‘दे’ म्हणजे नेमके कोण यावर खर्ची पडला होता. अध्यक्ष पुरुष आहेत हे ठाऊक असल्यास ‘ही’, स्त्री असल्यास ‘शी’. त्यांनी स्वतःसाठी ‘दे’ निवडले असेल तर अर्थातच ‘दे’. आदर दाखवायला इंग्रजी सर्वनामात सोय नाही, तो वाक्यात इतरत्र दाखवावा.

कच्चा_खर्डा:

सर्वांचा ऋणी आहे. सुधारलेला मसुदा आज रवाना झाला. ‘बिटवीन यू अँड मी’, ‘टु द सेक्रेटरी ऑर मी’ आणि ‘हू वी बिलीव्ह इज रिस्पॉन्सिबल’ ही तिन्ही रूपे मी या वेळी कारणासह लिहिली.

त्याच पाकिटातून वरिष्ठांचे एक परिपत्रकही गेले. त्यात ‘द फाइल मे बी हँडेड टु हूमएव्हर अराइव्ज फर्स्ट’ असे वाक्य आहे. जो आधी येईल त्याला, या हिशेबाने येथे ‘हूएव्हर’ हवे, हे माझे म्हणणे बरोबर आहे ना? आणि बरोबर असल्यास ते त्यांना कसे सांगावे?

जुनी_शाई:

आपले म्हणणे बरोबर आहे. ‘अराइव्ज’ला कर्ता हवा, म्हणून ‘हूएव्हर’. सांगण्याच्या बाबतीत, पुढच्या परिपत्रकाचा मसुदा आपल्याकडे आला तर ‘टु द फर्स्ट पर्सन टु अराइव्ह’ असे करून पाठवा. त्यात ‘म’ असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि लाल शाईही लागत नाही.